फॉस्फेट निसटण्याआधी: बीरॅफ-इनहिबिटरचा परिणाम तासातासाने मोजताना

ए-३७५ या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशींवर व्हेमुराफेनिब हे बीरॅफ प्रथिनाला अडवणारं औषध (इनहिबिटर) घातलं की तासाभरात फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे फॉस्फेट चढलेल्या ईआरके प्रथिनाचा, बँड जवळपास पुसला जातो. ब्लॉट (प्रथिनं जेलवर आकाराने सुटी करून अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) इतका स्वच्छ येतो की काम तिथेच थांबवावंसं वाटतं. पण त्याच पेशी त्याच औषधात ठेवून ४८ तासांनी पाहिल्या, तर फिकट का होईना, बँड परत आलेला असतो. औषध संपलेलं नसतं, पेशींच्या जनुकांतही काही बदललेलं नसतं. मार्गाने स्वतःला सावरून घेतलेलं असतं. म्हणून सिग्नलिंग मार्ग अडवणाऱ्या कुठल्याच औषधाचा एका वेळेचा ब्लॉट आम्ही निकाल मानत नाही, पूर्ण वेळापत्रक लावतो. ते कसं लावतो, कुठे फसतं आणि का फसतं, ते पुढे लिहिलं आहे.

मार्ग थोडक्यात असा; रॅस, रॅफ, मेक आणि ईआरके ही त्यातली प्रथिनं. पेशीबाहेरून वाढीचा निरोप आला की रॅस चालू होतो, रॅस रॅफला जागं करतो, रॅफ मेकवर फॉस्फेट चढवतो आणि मेक ईआरकेवर. मेलॅनोमाच्या बऱ्याच गाठींत रॅफपैकीच एकाचं, बीरॅफचं, जनुक बदललेलं असतं हे २००२ साली कळलं. सर्वांत जास्त आढळणारा बदल म्हणजे व्ही६००ई, ६०० व्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल जाऊन ग्लुटामेट. असा बीरॅफ रॅसच्या निरोपाची वाट बघत नाही, एकटाच अखंड चालू राहतो. त्याला नेमकं बांधणारं व्हेमुराफेनिब अमेरिकेत ऑगस्ट २०११ मध्ये मंजूर झालं. ए-३७५ मध्ये हाच बदल आहे. आम्ही मोजतो तो ईआरके-१ वर थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ या दोन जागी बसलेला फॉस्फेट, आणि ईआरके-२ वरच्या तशाच दोन जागा.

पेशी कुठून आल्या आणि त्या खरंच त्याच आहेत का, हे आधी. एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं) झाल्याशिवाय प्रयोग नाही. एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशी वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या आणि नंतर त्या मेलॅनोमाच्या निघाल्या, व्ही६००ई बीरॅफसकट. त्यांच्यावर बीरॅफ-इनहिबिटर चालला यावरून स्तनाच्या कर्करोगाबद्दल काय निष्कर्ष निघाला असता, याचा विचार करावा. दुसरी तपासणी मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची, दर महिन्याला. मायकोप्लाझ्मा डोळ्यांना दिसत नाही, मीडिया (पेशींचं पोषक द्रव) गढूळ करत नाही, पण पेशींचं सिग्नलिंग बदलतो. मग दोन आठवड्यांच्या अंतराने केलेले ब्लॉट एकमेकांशी जुळत नाहीत आणि दोष अँटीबॉडीवर जातो.

पेशी लावताना सहा वेलची (खळग्यांची) प्लेट हाताशी असते, पण आम्ही ३५ मिलिमीटरच्या सहा सुट्या डिश घेतो. प्रत्येकीत १ लाख पेशी, १.८ मिलिलिटर मीडिया, १० टक्के सीरम. कारण साधं आहे: औषध पाच वेगवेगळ्या वेळी घालायचं असतं, आणि प्लेट वापरली तर एका वेलसाठी बाकीच्या पाचही दर वेळी इनक्युबेटरबाहेर येतात. बाहेर आलेला मीडिया थंडावतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रंग लालसरवरून गुलाबी-जांभळ्याकडे सरकतो. पेशींना हे सगळं कळतं आणि ईआरके त्यावर प्रतिक्रिया देतो.

वेळापत्रक उलटं चालतं. पेशी लावल्यावर २४ तासांनी ४८ तासांच्या डिशमध्ये औषध पडतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी २४ तासांच्या डिशमध्ये, शेवटच्या दिवशी सहा तास, एक तास आणि १५ मिनिटं आधी बाकीच्यांत. सहावी डिश तुलनेसाठी, औषधाशिवाय नुसत्या डीएमएसओची (औषध ज्यात विरघळवतो तो द्रव), पूर्ण ४८ तास. सगळ्या डिश एकाच वेळी, एकाच हाताने गोळा होतात. सरळ वेळापत्रकात प्रत्येक डिश वेगळ्या दिवशी लायसेट होते, म्हणजे पेशी फोडून त्यांचं द्रावण केलं जातं. मग बफर वेगळा, बर्फ वेगळा, पेशींचं वय वेगळं, आणि बँडमधला फरक औषधाचा की दिवसाचा, हे सांगता येत नाही. उलट्या वेळापत्रकाची किंमत एकच: डीएमएसओच्या डिशमध्ये ८-१० लाख पेशी होतात तेव्हा ४८ तास औषधात असलेल्या डिशमध्ये त्यांच्या निम्म्याही नसतात. लायसिस बफर त्या अंदाजाने कमी-जास्त घालावा लागतो, पहिलीत १०० मायक्रोलिटर, दुसरीत ५०-६०.

ए-३७५ ला आम्ही सीरमशिवाय उपाशी ठेवत नाही. उपाशी ठेवण्याचा हेतू बाहेरचा निरोप बंद करण्याचा असतो, आणि इथे निरोप आतूनच येतो. शिवाय व्हेमुराफेनिब सीरममधल्या प्रथिनांना फार घट्ट धरतं. ०.५ टक्के सीरममध्ये मिळालेला प्रभावी डोस १० टक्क्यांत तोच राहत नाही, आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात बसवले तर तक्ता खोटा ठरतो.

आता औषध घालणं. नवशिक्यांचे सर्वांत जास्त ब्लॉट इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगावं लागेल. सरळ वाटणारी पद्धत अशी: जुना मीडिया ओढून काढायचा आणि औषध मिसळलेला ताजा मीडिया घालायचा. पण ताज्या सीरममध्ये वाढीचे घटक ठासून भरलेले असतात. नुसता मीडिया बदलला तरी सामान्य बीरॅफच्या पेशींत पाच-दहा मिनिटांत ईआरकेचा झोत उठतो आणि ओसरायला काही तास लागतात. १५ मिनिटांच्या नमुन्यात मग औषध दिसतं की सीरम, सांगता येत नाही. म्हणून मीडियाला हात लावायचा नाही. व्हेमुराफेनिबचा मूळ स्टॉक डीएमएसओमध्ये १० मिलिमोलर. तो डीएमएसओमध्येच पातळ करून १ मिलिमोलर करायचा. त्यातले १० मायक्रोलिटर ९९० मायक्रोलिटर कोमट मीडियात, म्हणजे १० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ १ टक्का. हा मीडिया बाटलीतला ताजा नाही. त्याच दिवशी लावलेल्या जोड-फ्लास्कमधला, पेशींनी वापरलेला. त्यातले २०० मायक्रोलिटर डिशच्या १.८ मिलिलिटरमध्ये, कडेने, थेंबाथेंबाने. शेवटी औषध १ मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.१ टक्का. डीएमएसओच्या डिशला हेच सगळं, फक्त औषध वगळून.

थेट १० मिलिमोलरचा थेंब डिशमध्ये टाकण्याचा मोह टाळावा. जिथे थेंब पडतो तिथे क्षणभर औषधाची मात्रा प्रचंड असते, पाण्यात ते विरघळत नाही, आणि बारीक कण होऊन तळाशी बसतं. मग हिशेबात १ मायक्रोमोलर असतं, पेशींना त्याहून कमी मिळतं.

गोळा करण्याचा क्षण आला की घाई आणि शिस्त दोन्ही लागतात. पेशीत फॉस्फेट चढवणारी आणि उतरवणारी प्रथिनं एकाच वेळी चालू असतात. आपण पेशीला त्रास द्यायला लागलो की तोल काही मिनिटांत ढळतो. बर्फाचा ट्रे सपाट करून त्यावर धातूची पत्रा-पट्टी, पट्टीवर डिश. डिश इनक्युबेटरमधून दोन-दोनच काढायच्या. मीडिया ओढला, लगेच बर्फासारखा थंड पीबीएस (पेशी धुण्याचं खारं द्रावण), पुन्हा एकदा, मग डिश तिरकी धरून कडेला जमलेला शेवटचा थेंबही ओढून घ्यायचा. तो राहिला तर लायसिस बफर पातळ होतो आणि प्रथिनांचं मोजमाप चुकतं. लगेच बफर, पाच मिनिटं बर्फावर, आणि स्क्रेपरने खरवडून नळीत. ट्रिप्सिन घालून पेशी सोडवायच्या नाहीत. ट्रिप्सिन पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं, ३७ अंशांवर काही मिनिटं घेतं, आणि तळापासून सुटणं हाच पेशीसाठी एक मोठा निरोप असतो.

लायसिस बफर रिपा: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, ०.५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेट, ०.१ टक्का एसडीएस. वापरण्याच्या आधी त्यात प्रोटिएझ-इनहिबिटर (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमना अडवणारा) आणि तीन गोष्टी फॉस्फेट टिकवण्यासाठी: सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर, सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट १ मिलिमोलर. पहिले दोन सेरिन-थ्रिओनिनवरचा फॉस्फेट राखतात, व्हॅनेडेट टायरोसिनवरचा. ईआरकेवर दोन्ही प्रकारचे फॉस्फेट असल्यामुळे यातलं एकही वगळून भागत नाही.

व्हॅनेडेट बाटलीतून काढून सरळ घातलं तर कामच करत नाही, आणि हे कुठल्याही ब्लॉटवर लिहून येत नाही. २०० मिलिमोलरचं द्रावण करून पीएच १० ला आणलं की ते पिवळं पडतं. पिवळेपणा म्हणजे व्हॅनेडेटचे कण एकमेकांना जोडले गेलेत. त्या रूपात ते फॉस्फेटेझला (फॉस्फेट उतरवणाऱ्या प्रथिनाला) अडवत नाही. द्रावण रंगहीन होईपर्यंत उकळायचं, थंड करायचं, पीएच पुन्हा १० ला आणायचा, पिवळं पडलं तर पुन्हा उकळायचं. पीएच १० ला रंग न येता स्थिर राहिलं की झालं. मग छोट्या नळ्यांत उणे २० अंशांवर. बफरमध्ये डीटीटी किंवा ईडीटीए असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते, कारण डीटीटी व्हॅनेडेटचं रूप बदलतं आणि ईडीटीए त्याला पकडून ठेवतं. आमच्या रिपामध्ये ईडीटीए मुद्दाम नाही, आणि प्रोटिएझ-इनहिबिटरची गोळीही ईडीटीए नसलेलीच घेतो.

लायसेट चिकट, शेंबडासारखं झालं तर घाबरायचं कारण नाही, तो डीएनए आहे. बर्फावर दोन-तीन वेळा पाच-पाच सेकंद सोनिकेट केलं की सैल पडतो. मग ४ अंशांवर १४,००० जी ला १५ मिनिटं, आणि वरचं द्रावण नव्या नळीत. प्रथिन बीसीए पद्धतीने मोजतो, कारण ब्रॅडफर्डला डिटर्जंट चालत नाहीत. प्रत्येक लेनला २० मायक्रोग्रॅम, सॅम्पल बफरमध्ये ९५ अंशांवर पाच मिनिटं. एकदा उकळलं की फॉस्फेटेझ मेली. तोवर नळी बर्फावरून उचलायची नाही.

जेल १० टक्के, आणि ते नेहमीपेक्षा जास्त वेळ चालवायचं. ईआरके-१ ४४ किलोडाल्टनला येतं, ईआरके-२ ४२ ला; २५ चा मार्कर तळाशी पोचेपर्यंत जेल धावलं तरच दोन्ही बँड सुटे दिसतात. पीव्हीडीएफ मेंब्रेन मेथॅनॉलमध्ये भिजवून, थंड खोलीत १०० व्होल्टला एक तास ट्रान्सफर, मग पॉन्सो एस हा प्रथिनं दाखवणारा रंग. पॉन्सोमध्ये एखाद्या लेनवर गोल पांढरा डाग दिसला तर तिथे हवेचा बुडबुडा होता. तो ब्लॉट तिथेच सोडून द्यावा. पुढे दोन दिवस अँटीबॉडी घालवून तो सुधारत नाही.

ब्लॉकिंगला (मेंब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला) ५ टक्के बीएसए, ०.१ टक्का ट्वीनच्या टीबीएसमध्ये. दुधाची पावडर स्वस्त पडते, पण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटने भरलेलं असतं आणि काही फॉस्फो-अँटीबॉडींसोबत पूर्ण पार्श्वभूमी काळी करतं. फॉस्फो-ईआरकेची अँटीबॉडी १:२०००, ४ अंशांवर रात्रभर. दुसरी अँटीबॉडी १:५०००, एक तास. वापरलेली पहिली अँटीबॉडी टिकावी म्हणून सोडियम अझाइड घालून ठेवली असेल, तर ते एचआरपीला, दुसऱ्या अँटीबॉडीवरच्या बँड दाखवणाऱ्या एन्झाइमला, मारतं. मेंब्रेन नीट धुतली नाही तर ब्लॉट कोरा येतो.

लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखंच प्रथिन पडलं का हे दाखवणारा बँड) म्हणून बीटा-ॲक्टिन सवयीने लावलं जातं. इथे ते लावू नये. ॲक्टिन ४२ किलोडाल्टनला येतं, म्हणजे बरोबर ईआरके-२ च्याच जागी. स्ट्रिप करताना फॉस्फो-ईआरकेची अँटीबॉडी थोडी जरी राहिली तरी ॲक्टिनचा बँड औषधानुसार हलतो आणि उलटही होतं. आम्ही विनक्युलिन घेतो, ते ११७ च्या आसपास, वेगळं कापून काढता येतं. एकूण ईआरके मात्र हवंच, शक्यतो त्याच लायसेटच्या जोड-जेलवर. आणि नवी फॉस्फो-अँटीबॉडी आली की एक लेन लॅम्डा फॉस्फेटेझची: फॉस्फेटेझ-इनहिबिटर न घातलेल्या लायसेटमध्ये मँगनीज आणि एन्झाइम, ३० अंशांवर अर्धा तास. त्या लेनमध्ये बँड उरला तर ती अँटीबॉडी फॉस्फेट ओळखतच नाही.

एवढं सांभाळल्यावर ए-३७५ चा ब्लॉट वाचता येतो. एका तासाला फॉस्फो-ईआरके जवळपास शून्य, एकूण ईआरके जसंच्या तसं. काही तासांत डीयूएसपी-६ खाली गेलेलं, २४ तासांपर्यंत सायक्लिन डी-१ ही; दोन्ही ईआरकेच्या हुकमावर बनणारी प्रथिनं. पुढे फॉस्फो-ईआरके हळूच परततं, त्याचं उत्तर डीयूएसपी-६ मध्येच आहे. ईआरके चालू असताना स्वतःला आवर घालणारी प्रथिनं बनवत असतो. डीयूएसपी-६ ईआरकेवरचा फॉस्फेट उतरवतं, स्प्राउटी प्रथिनं वरच्या रॅसला दाबून ठेवतात. औषधाने ईआरके थांबला की ही प्रथिनंही घटतात. दाब गेल्यावर रॅस पुन्हा जागा होतो, रॅफची प्रथिनं जोडीने काम करू लागतात, आणि व्हेमुराफेनिब एकट्या व्ही६००ईला जसं थांबवतं तसं जोडीला थांबवू शकत नाही. त्याच डिशमध्ये ट्रॅमेटिनिब हे मेक अडवणारं औषध १० नॅनोमोलर घातलं की परतणारा बँड बराच दबतो. रुग्णांसाठी बीरॅफ आणि मेक दोन्ही अडवणारी जोडी यासाठीच आली. डॅब्राफेनिब (बीरॅफ अडवणारं) आणि ट्रॅमेटिनिबच्या जोडीला अमेरिकेत जानेवारी २०१४ मध्ये मेलॅनोमासाठी मंजुरी मिळाली.

हाच प्रयोग एचटी-२९ वर केला की एकाच जनुकबदलावर भरवसा ठेवण्यातला धोका दिसतो. या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी, बीरॅफ तोच व्ही६००ई. फॉस्फो-ईआरके तासाभरात खाली जातं, पण २४ तासांत ए-३७५ पेक्षा कितीतरी जोमाने परत येतं. ईजीएफआरचा, म्हणजे वाढीचा निरोप घेणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा, ब्लॉट लावला तर कारण समोर येतं: आतड्याच्या पेशींत ईजीएफआर भरपूर, आवर घालणारी प्रथिनं गेली की तो जोरात पेटतो. मेलॅनोमाच्या पेशींत तो सहसा फारसा नसतो. व्हेमुराफेनिबला मेलॅनोमाच्या मोठ्या चाचणीत ४८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, आतड्याच्या कर्करोगात २१ पैकी एकाने. तिथे मग ईजीएफआरही अडवावा लागला. एन्कोराफेनिब (बीरॅफसाठी) आणि सेटुक्सिमॅब (ईजीएफआरसाठी) ही जोडी २०२० मध्ये मंजूर झाली.

तिसऱ्या पेशी एचसीटी-११६: बीरॅफ सामान्य, केरॅस (रॅसचाच एक प्रकार) बदललेलं. यात मध्यम डोसला फॉस्फो-ईआरके खाली जाण्याऐवजी वर चढतं. नमुने अदलाबदल झाले असं पहिल्यांदा वाटतं, पण झालेले नसतात. जोडीतल्या एका रॅफला औषध चिकटलं की दुसरा जास्त चेततो. हे २०१० मध्ये स्पष्ट झालं. व्हेमुराफेनिब घेणाऱ्या काही रुग्णांच्या त्वचेवर नवे कर्करोग उठायचे, त्यांतल्या बऱ्याच गाठींत रॅस बदललेला होता. म्हणून नव्या रॅफ-इनहिबिटरच्या प्रत्येक प्रयोगात रॅस बदललेली एक पेशीरेषा असलीच पाहिजे, आणि डोस एक नाही, निदान सहा हवेत. एकाच मोठ्या डोसला ही चढण सुटून जाते.

वाचताना आणखी एक चूक वारंवार होते. औषध ज्या कायनेझला (फॉस्फेट चढवणाऱ्या प्रथिनाला) अडवतं त्याच कायनेझवरचा फॉस्फेट पाहिला जातो. काही मेक-इनहिबिटर घातल्यावर फॉस्फो-मेक वाढतो, कारण वरचा आवर सुटलेला असतो, आणि मेक मात्र बंदच असतो. एकेटी या दुसऱ्या मार्गातल्या कायनेझला अडवणारी इपाटासर्टिबसारखी औषधं घातल्यावर फॉस्फो-एकेटी भडकतं, पण त्याच्या खालच्या प्रास-४० वरचा फॉस्फेट उतरतो. खालची पायरी पाहिल्याशिवाय औषध फसलं असं लिहू नये.

पेशी जगतात की मरतात याचं मोजमाप ९६ वेलच्या प्लेटमध्ये, ७२ तास. कडेचे ३६ वेल पीबीएसने भरून सोडून द्यायचे, कारण तिथला मीडिया सुकतो. उरलेल्या ६० मध्ये दहा स्तंभ: एक डीएमएसओ, नऊ डोस, १० मायक्रोमोलरपासून तिप्पट-तिप्पट खाली. सहा ओळींत दोन औषधं तीन-तीनदा बसतात. वेलला १५०० पेशी, १०० मायक्रोलिटरमध्ये. पातळ करण्याची साखळी डीएमएसओमध्येच करायची, दर पायरीला टिप बदलून. मग प्रत्येक पायरी मीडियात १:५०० आणि वेलमध्ये १०० मायक्रोलिटर. दहापट स्टॉक करून १० मायक्रोलिटर घालणं सोपं, पण त्यासाठी मीडियात १०० मायक्रोमोलर लागतं आणि तिथे औषध बाहेर पडतं. औषध घालताना एक वेगळी प्लेट लगेच वाचून ठेवायची. ती नसली तर पेशी मेल्या की नुसत्या थांबल्या हे कळत नाही, आणि सावकाश वाढणाऱ्या पेशी उगाच चिवट दिसतात.

रिसॅझुरिन हा जिवंत पेशींत रंग बदलणारा पदार्थ स्वस्त आणि सोपा, पण ते पेशी मोजत नाही, पेशींचं श्वसन मोजतं. बीरॅफ अडवला की मेलॅनोमाच्या पेशी बऱ्याचदा मायटोकॉन्ड्रियावर जास्त विसंबतात, म्हणजे पेशी घटल्या तरी रंग तितका घटत नाही. निदान एकदा होक्स्ट या डीएनएच्या रंगाने केंद्रकं रंगवून मोजावीत.

औषधाला दाद न देणाऱ्या पेशी हव्या असतील तर ०.१ मायक्रोमोलरपासून सुरुवात, वाढ सावरली की दुप्पट, असं काही महिने, १-२ मायक्रोमोलरपर्यंत. बरोबरीने मूळ पेशी नुसत्या डीएमएसओत तितक्याच वेळा पुढे न्यायच्या आणि दर टप्प्याला दोन्हींच्या नळ्या गोठवायच्या. या पेशींत कधी बीरॅफच्या प्रती वाढलेल्या सापडतात, कधी त्याचं तुटकं रूप, कधी बदललेला एनरॅस (रॅसचाच आणखी एक प्रकार). गोठवलेली नळी उघडून पेशी सवयीने साध्या मीडियात लावू नयेत. बीरॅफच्या प्रती वाढलेल्या पेशींवरून औषध उठलं की फॉस्फो-ईआरके सहन होणार नाही इतकं उसळतं आणि काही दिवसांत फ्लास्क रिकामा होतो. नळीवर पेशींच्या नावाआधी औषधाची मात्रा लिहावी, मोठ्या अक्षरात.